हॅनोव्हर स्ट्रीटवरचे कोकणी

केपटाऊनमध्ये, टेबल माउंटनच्या पायथ्याशी, बंदरापासून हाकेच्या अंतरावर डिस्ट्रिक्ट सिक्स होतं. मलायी, ज्यू, आफ्रिकन आणि मिश्रवंशीय कुटुंबांच्या दाटीत इथे रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमानही राहत. नाताळ भागातल्या उसाच्या मळ्यांवरच्या गिरमिटियांसारखे ते करारावर आले नव्हते. स्वतःच्या पैशाने बोटीचं तिकीट काढून आले होते. पण म्हणून त्या सगळ्यांना व्यापारी समजणं चूक. कोणी मजुरी केली, कोणी दारोदार भाजी-फळं विकली. चार पैसे गाठीला आले, की गल्लीच्या कोपऱ्यावर दुकान. पुढे गल्ला, मागे बिऱ्हाड.

गिऱ्हाईक गोदीत नि कारखान्यांत राबणारं. पेनीची साखर, तेवढ्याच किमतीचं तेल, पगार होईपर्यंत उधारी. तिथल्याच हॅनोव्हर स्ट्रीटवर मासळीबाजार, शिंपी, अ‍ॅव्हलॉन हे बायोस्कोप थेटर. रस्ता गजबजलेला असे.

पण या माणसांचा अर्धा संसार कोकणातच होता. केपच्या १९०६ च्या कायद्याने नव्याने येणाऱ्याला युरोपीय भाषा लिहिता येण्याची अट घातली. आधीच स्थायिक झालेल्याला गावी जायचं तर परवाना काढावा लागे, त्यावर त्याचा फोटो. मुदत उलटली, तर परतीचा हक्क गेला. बायको, आईबाप, भाताची खाचरं इकडे आणि दुकान तिकडे, अशा खेपांत कित्येकांची उमेद सरली. फेब्रुवारी १९५६ नंतर तर भारतातून बायको-मुलांना नेणंही बंद झालं. डिस्ट्रिक्ट सिक्स म्हटलं की घरं पाडणारे बुलडोझर आठवतात. कोकण्यांची ताटातूट मात्र त्यांच्या कितीतरी आधी, परवान्याच्या खिडकीवर सुरू झाली होती.

११ फेब्रुवारी १९६६ रोजी ग्रुप एरियाज कायद्याखाली ही वस्ती फक्त गोऱ्यांसाठी जाहीर झाली. पुढच्या दीड दशकात सुमारे ६०,००० माणसं हलवली गेली. भारतीयांसाठी रायलँड्स आणि क्रेव्हनबी या वस्त्या. त्यांची गिऱ्हाइकं बोंटेह्यूवेल, हॅनोव्हर पार्क, मॅनेनबर्गला. दुकानदाराचं छप्पर गेलंच, पण ज्यांच्या उधारीवर दुकान चालायचं ती माणसंही पांगली. काही कोकण्यांनी तिथल्याच मलायी घरांत लग्नं केली होती. अशा कुटुंबांत कागदावरच्या वंशाने सख्ख्या नातलगांनाही वेगवेगळ्या वस्त्यांत टाकलं.

घरं पाडली, तरी चर्च-मशिदी राहिल्या. म्यूर स्ट्रीटच्या मशिदीत लोक मैलोगणती अंतरावरून जुम्म्याच्या नमाजाला येत राहिले. १९९४ च्या जमीन-परतावा कायद्याने घरमालकांबरोबर भाडेकरूंनाही दावा करता आला, आणि २००४ मध्ये पहिले दोन वृद्ध रहिवासी नव्या घरांत परतले.