लसूणघास
लसूणघास (शास्त्रीय नाव: मेडिकागो सटायव्हा) हे शिंबावंत कुळातील बहुवर्षायू चारापीक असून ते ल्युसर्न किंवा अल्फाल्फा या नावांनीही ओळखले जाते. त्याच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात.

लसूणघासाच्या शुष्क भागात सुमारे १८ ते २० टक्के प्रथिने असतात. ज्वारीच्या कडब्यात हे प्रमाण जेमतेम ३ ते ४ टक्के असते. म्हणून दुभत्या गाईला कडब्यासोबत लसूणघास दिल्यास आहारातील प्रथिनांची उणीव भरून निघते व पेंडीची गरज कमी होते.

मात्र कोवळा, ओला लसूणघास एकटाच भरपूर खाल्ल्यास कोठीपोटात फेसाळ वायू कोंडून पोटफुगी होते व जनावर दगावू शकते. त्यामुळे तो कापणीनंतर सुकवून, कडब्याच्या कुट्टीत मिसळून देतात.