भागविभाजन आणि भागधारकांचा लाभ
अमेरिकेतील कोलंबस येथे १९५५ साली अ‍ॅमॉस बंधूंनी स्थापिलेल्या आफ्लॅक या विमा कंपनीच्या भागांचे वारंवार विभाजन झाले; मूळच्या शंभर भागांचे पुढे लक्षाहून अधिक भाग झाले. तथापि विभाजनाने संपत्ती निर्माण होत नाही. २०१८ साली एका भागाचे दोन झाले, तेव्हा प्रत्येकाची किंमत निम्मी झाली. भागधारकाचा हिस्सा तेवढाच राहिला. खरी वृद्धी झाली ती १९५८ मधील कर्करोग-विम्यामुळे व १९७४ पासून जपानात झालेल्या त्याच्या प्रसारामुळे. उलटपक्षी, १९६७ साली विमाव्यवसायात शिरलेल्या बर्कशायर हॅथवेने आपल्या ‘अ’ वर्गीय भागांचे कधीच विभाजन केले नाही. तरीही त्यांचे मूल्य अतोनात वाढले. सारांश, विभाजन हे उत्कर्षाचे चिन्ह होय, कारण नव्हे.