पुढची संख्या कोणती?

१, २, ४, ८, १६ – पुढची संख्या कोणती? तलाठी किंवा पोलीस भरतीच्या परीक्षेस बसलेला उमेदवार विलंब न लावता ३२ या पर्यायावर खूण करील. पण वर्तुळाच्या परिघावर एक, दोन, तीन असे बिंदू घेत जावे, प्रत्येक बिंदू इतर सर्वांना रेषांनी जोडावा आणि वर्तुळाचे जास्तीत जास्त किती भाग पडतात ते मोजावे. भाग १, २, ४, ८, १६ असेच पडत जातात; सहा बिंदूंना मात्र ३१ पडतात. हे उत्तर गणितात निर्दोष, परीक्षेत चूक.

संख्यांची श्रेढी आपल्याला नवी नाही. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) श्रेढीव्यवहार हे स्वतंत्र प्रकरण आहे. तेथे आदि, चय, गच्छ ही पदे निश्चित आहेत. कधी चय, कधी गच्छ काढायला सांगितला, तरी श्रेढी कोणत्या जातीची आहे हे शिष्याला ठाऊक असते. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचे चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात नोंदले आहे. त्या परंपरेत नियम सांगून गणित घातले जाई.

नियम लपवून माणूस पारखण्याची रीत मोठ्या प्रमाणावर रूढ झाली ती पहिल्या महायुद्धात. १९१७ मध्ये रॉबर्ट यर्क्स यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकी सैन्यासाठी ‘आर्मी अल्फा’ ही चाचणी तयार झाली. तिच्या आठ भागांपैकी एक संख्यामाला पूर्ण करण्याचा होता. या चाचण्यांच्या आकड्यांवरून कार्ल ब्रिगहॅम यांनी १९२३ मध्ये वंशावंशांची बौद्धिक प्रतवारी लावली. १९३० मध्ये त्यांनीच ते निष्कर्ष मागे घेतले. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी रूपांतरित केली; त्यांचा ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. ‘बुद्धिमत्ता चाचणी’ हा शब्द पुढे भरतीच्या अभ्यासक्रमात स्थिरावला. २०२३ च्या तलाठी भरतीत शंभरांपैकी पंचवीस प्रश्न बौद्धिक चाचणीचे होते, आणि अर्ज दहा लाखांहून अधिक.

संख्यामालेचे समर्थन असे केले जाते, की तिला भाषा नसते, म्हणून ती सर्वांना सारखी. हा युक्तिवाद तपासून पाहावा लागतो. १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात विटगेनश्टाइन यांनी एक शिष्य कल्पिला आहे. दोन-दोन मिळवत जा, असे सांगितल्यावर तो हजारापुढे १००४, १००८ लिहितो आणि मी पूर्वीप्रमाणेच करतो आहे असे म्हणतो. काही संख्या पुढे ठेवल्याने नियम ठरत नाही. तो वाचणाऱ्यांच्या समाईक संकेताने ठरतो. साहित्याच्या अभ्यासकाला हे सांगायला नको. अभंग आणि ओवी ओळखणे हीही अशाच सरावाची गोष्ट असते.

यवतमाळ जिल्ह्यात झरी जामणी तालुक्यात मुकुटबन आहे. या भागात मराठीबरोबर गोंडी आणि कोलामी बोलणारी घरे आहेत. तिथल्या उमेदवाराला मराठी व्याकरणाचे प्रश्न परभाषेचे वाटतील हे आपण चटकन मान्य करतो. संख्यामाला हीदेखील एक शिकून घ्यावी लागणारी बोली आहे, हे मात्र मान्य करीत नाही. ज्याला सरावाची पुस्तके आणि शिकवणी मिळाली त्याला ती येते. मग त्या येण्यालाच आपण बुद्धिमत्ता म्हणतो. लाखोंतून काही हजार निवडायचे तर चाळणी लागणारच. पण तिला निदान तिच्या खऱ्या नावाने ओळखावे: ही परीक्षकाचे मन वाचण्याची परीक्षा आहे.