लखनौचे बाबू: एका प्रांतनिष्ठ हॉकीपटूची कारकीर्द

स्कॉटलंडमध्ये फुटबॉलचा क्लब ही शहराची, पुष्कळदा तर शहरातील एका वस्तीची आणि धर्मपंथाची संस्था असते. त्यामुळे ग्लासगोच्या सेल्टिक क्लबचे बिली मॅकनील १९५७ ते १९७५ अशी अठरा वर्षे दुसऱ्या कोणत्याही क्लबकडून खेळले नाहीत, याचा तेथील लोकांना अभिमान वाटला. भारतीय हॉकीतही क्लब होते, परंतु खेळाडूची ओळख मुख्यतः त्याच्या प्रांतावरून ठरत असे. १९२८ साली ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकसाठी संघ निवडता यावा म्हणून कलकत्त्यात आंतरप्रांतीय स्पर्धा भरली आणि संयुक्त प्रांताने, म्हणजे बहुतांशी आजच्या उत्तर प्रदेशाने, ध्यानचंद यांच्यासह ती जिंकली. या परंपरेत एकनिष्ठेचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणून कुंवर दिग्विजयसिंह, अर्थात के. डी. सिंह ‘बाबू’, यांच्याकडे पाहावे लागते.

त्यांचा जन्म २ फेब्रुवारी १९२२ रोजी लखनौच्या पूर्वेस असलेल्या बाराबंकी येथे झाला आणि १९३९ पासून जवळपास दोन दशके ते आपल्या प्रांताच्या संघातून खेळत राहिले. हा काळ लक्षात घेतला म्हणजे त्या सातत्याचे मोल कळते. फाळणीने संघच्या संघ विस्कटले. १९४८ साली भारतासाठी सुवर्णपदक जिंकलेले लतीफ-उर-रहमान आणि अख्तर हुसेन पुढे पाकिस्तानकडून ऑलिंपिक खेळले. दुसरीकडे सेनादले, रेल्वे आणि पंजाब पोलीस यांच्या संघांत खेळाबरोबर नोकरीचीही शाश्वती मिळत असल्याने गुणी खेळाडूंचा ओढा तिकडे वाढत गेला. अशा पडझडीत एका प्रांताला वीस वर्षे तोच खेळाडू लाभणे ही साधी गोष्ट नव्हती.

बाबूंची जागा ‘इनसाइड राइट’, म्हणजे पाच आघाडीपटूंच्या रांगेत मधल्या खेळाडूच्या लगत उजवीकडची. या जागेवरील खेळाडूने मागून चेंडू आणायचा, प्रतिस्पर्ध्याला हुलकावणी द्यायची आणि नेमक्या क्षणी तो दुसऱ्याच्या काठीवर ठेवायचा. गोलाचे श्रेय मात्र बहुधा मधल्या आघाडीपटूला मिळते. हेल्सिंकी येथे २४ जुलै १९५२ रोजी भारताने अंतिम सामन्यात नेदरलँड्सचा ६-१ असा पराभव केला, तेव्हा पाच गोल बलबीरसिंग यांचे होते आणि एक कर्णधार बाबूंचा. तेवढ्यावरून त्यांचा वाटा मोजणे अन्यायाचे ठरेल, कारण त्या आघाडीची लय ठरवण्याचे काम त्यांच्याकडे होते. गोल करणे त्यांना परके होते असेही नाही: १९४७-४८ च्या पूर्व आफ्रिका दौऱ्यात, चाळिशी ओलांडलेल्या ध्यानचंद यांच्या नेतृत्वाखाली खेळताना, बाबूंच्या गोलांची संख्या खुद्द कर्णधारापेक्षा अधिक होती. १९४८ साली वेम्बली येथे यजमान ब्रिटनला ४-० असे हरवणाऱ्या, स्वतंत्र भारताच्या पहिल्या ऑलिंपिक संघाचे ते उपकर्णधार होते. हेल्सिंकीनंतर त्यांना अमेरिकेतील हेल्म्स प्रतिष्ठानचा सन्मान मिळाला, तर १९५८ साली पद्मश्री.

खेळणे थांबले तरी त्यांचे लखनौ सुटले नाही, आणि प्रस्तुत विवेचनात हा उत्तरार्धच अधिक महत्त्वाचा आहे. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या भारतीय संघाचे प्रशिक्षकपद त्यांनी सांभाळले. राज्याचे क्रीडा संचालक या नात्याने त्यांनी क्रीडा वसतिगृहांच्या कल्पनेला आकार दिला. क्रीडा वसतिगृह म्हणजे लहान वयात निवडलेल्या मुलांना निवास, आहार, शाळा आणि मैदान एकत्र मिळण्याची सोय. जमीनदारी किंवा पलटणीचा आधार नसलेल्या घरातील मुलाला वरच्या दर्जाच्या खेळापर्यंत पोहोचवणारी ही वाट होती.

२७ मार्च १९७८ रोजी बाबूंचे लखनौमध्ये निधन झाले. गोमतीजवळच्या ज्या मुख्य क्रीडांगणाला त्यांचे नाव देण्यात आले, तेथेच जानेवारी १९९४ मध्ये भारत व श्रीलंका यांच्यात क्रिकेटचा कसोटी सामना झाला. लखनौच्या वसतिगृहात घडलेला बनारसचा मोहम्मद शाहिद हा मुलगा १९८० साली मॉस्कोत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाच्या आघाडीत, चेंडू काठीला चिकटल्यासारखा पुढे नेत, खेळत होता.