गावची शाळा बंद झाली, आता पोरांना कुठं घालायचं? दाखला काढण्याआधी पालकांनी हे बघावं

अहिल्यानगर : जून जवळ आला की वाड्या-वस्त्यांवर एकच चर्चा असते, यंदा आपल्या शाळेचा पट किती भरला? दोन-तीन पोरं चौथी पास होऊन गेली, एखादं घर नगरला राहायला गेलं, कुणाचं पोरगं व्हॅननं इंग्रजी शाळेत जायला लागलं, की पट दहाच्या खाली येतो. मग गुरुजींचं दुसरीकडं समायोजन होतं अन् शाळेला कुलूप लागतं.

हा विषय नवा नाही. 2017 च्या डिसेंबरमध्ये राज्य सरकारनं दहापेक्षा कमी पटाच्या 1,314 शाळा बंद करून मुलं जवळच्या शाळेत पाठवायचं ठरवलं होतं. सप्टेंबर 2023 मध्ये पानशेत आणि तोरणमाळचं उदाहरण देऊन वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांचे प्रस्ताव मागवले गेले. त्यावेळी राज्यात अशा 14 हजारांहून जास्त शाळा होत्या. आपल्या शेजारच्या इगतपुरी तालुक्यात दरेवाडीची शाळा बंद झाली, तेव्हा तिथली मुलं शेळ्या घेऊन नाशिकच्या जिल्हा परिषदेवर गेली होती. दप्तर परत घ्या अन् बकऱ्या द्या, अशी त्यांची मागणी होती.

कायदा काय सांगतो, ते आधी. शिक्षण हक्क कायदा 2010 पासून लागू आहे. राज्याच्या नियमाप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी 1 किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी 3 किलोमीटरच्या आत शाळा पाहिजे, त्या भागात किमान 20 मुलं असतील तर. हे अंतर चालत जाण्याचं आहे. कागदावर एक किलोमीटर दिसतं, पण मध्ये ओढा असला तर पावसाळ्यात तेच तीन किलोमीटर होतं. अकोले तालुक्यात घाटघर, रतनवाडीकडं तर जुलै-ऑगस्टमध्ये पायवाट राहतच नाही. म्हणून पालकांनी एकदा स्वतः पोराबरोबर त्या वाटेनं चालून बघावं. रस्त्यात हायवे, उघडी विहीर, कुत्री, उसाचा आडरान पट्टा काय काय लागतं ते लिहून काढावं. अर्जात तेच कामाला येतं.

शाळा लांब पडत असेल तर समग्र शिक्षा योजनेतून वाहतूक भत्ता मिळू शकतो, वर्षाला जास्तीत जास्त 6 हजार रुपये. पैसे वेळेवर येतीलच असं धरून मात्र चालू नये. त्यासाठी नव्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडं मागणी करावी आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं अर्ज देऊन पोच घ्यावी. एसटीचा मोफत पास मुलींना पाचवी ते बारावीपर्यंत आहे, म्हणजे पहिली-दुसरीतल्या पोरीला त्याचा उपयोग नाही. आणि वस्ती बंद पडलेल्या शाळेची असते तेव्हा पोरं बहुतेक चौथीच्या आतलीच असतात.

इथंच बहुतेक वस्त्या चुकतात. आठ पोरं असली की चार वेगवेगळ्या शाळांत जातात. कुणाचा मामा तिकडं म्हणून, कुणाला टाय-बूट आवडला म्हणून. मग एका शाळेच्या वाट्याला दोन-दोन पोरं येतात अन् दोन पोरांसाठी गाडीची मागणी कोण ऐकणार? आठही घरांनी एका ओट्यावर बसून एकच शाळा ठरवली तर रिक्षा परवडते, मोठी पोरं लहानांना सांभाळून नेतात आणि नव्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत वस्तीचा एक पालक घ्या, असं सांगता येतं. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. शिवाय आपल्या वस्तीची शाळा परत मागायची झाली, तर एकत्र असलेला आकडाच दाखवता येतो.

शाळा बघायला पंधरा ऑगस्टला जाऊ नये, त्या दिवशी सगळ्याच शाळा छान दिसतात. एखाद्या साध्या मंगळवारी दुपारच्या सुट्टीनंतर जावं. शिक्षक किती, वर्ग किती, ते बघावं. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक कायद्यानंच लागतात. तिसरीतल्या एखाद्या पोराला धडा वाचायला सांगावा, त्यात सगळं कळतं. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आहे का, पोषण आहार रोज शिजतो का. आणि छत बघावं. नगर तालुक्यातल्या निंबोडीत ऑगस्ट 2017 मध्ये शाळेचं छत कोसळून तीन मुलं गेली, हे या जिल्ह्यानं विसरू नये. शाळा चौथीपर्यंतच आहे की सातवीपर्यंत, तेही विचारावं, नाहीतर दोन वर्षांत परत हेच करावं लागतं.

इंग्रजी शाळेचा विचार असेल तर आधी तिची मान्यता आणि यू-डायस क्रमांक विचारावा. मान्यता नसताना शाळा चालवणं हा कायद्यानं दंडाचा विषय आहे, पण नुकसान पोराचं होतं. आरटीईच्या 25 टक्के मोफत जागा फक्त सुरुवातीच्या वर्गाला असतात, तिसरीतल्या मुलाला त्या मिळत नाहीत. फी, व्हॅन, पुस्तकं, ड्रेस यांचा चार वर्षांचा हिशेब मांडावा. एक वर्ष कांद्याला भाव मिळाला म्हणून पोरगं घातलं अन् पुढच्या वर्षी काढलं, तर त्याचं ना मराठी धड राहतं ना इंग्रजी.

पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या ऊसतोड कुटुंबांनी आणखी एक विचारायचं. हंगामी वसतिगृह शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालतं. जुनी शाळाच गेली तर नव्या शाळेत त्या पोरांची नावं धरली जातात का, हे दिवाळीच्या आधी पक्कं करावं. कोयता निघाल्यावर विचारून उपयोग नाही.

दाखल्याचं म्हणाल तर सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाताना दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाही. जुन्या शाळेनं ऑनलाइन नाव सोडलं का, आधारवरचं नाव अन् दाखल्यावरचं नाव जुळतं का, एवढं बघून घ्यावं.

राहिलं जनरल रजिस्टर. शाळा बंद होते तेव्हा लोक पोरांच्या प्रवेशाच्या गडबडीत असतात, कपाटातली जुनी रजिस्टरं कुठं गेली याकडं कुणाचं लक्ष नसतं. जुन्या शाळेच्या रजिस्टरात आजोबा-पणजोबांच्या जातीची नोंद असते. ओबीसीच्या दाखल्याला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो, भटक्या-विमुक्तांना 21 नोव्हेंबर 1961 आणि अनुसूचित जातीला 10 ऑगस्ट 1950. त्यामुळं रजिस्टर केंद्रशाळेत ठेवलं की पंचायत समितीत, हे ग्रामसेवक अन् केंद्रप्रमुखांकडून लेखी घ्यावं, आणि ज्यांच्या घरात दाखल्याची गरज पडणार आहे त्यांनी कुलूप लागायच्या आधीच उतारा काढून ठेवावा.