दिवाळीची साखर

दिवाळी महिन्यावर आली की घरोघरी वाण्याची यादी निघते. रवा, मैदा, चणाडाळ, पोहे, साखर, तेल. काही घरांत ती नुसती लिहायची असते. काही घरांत लिहून झाल्यावर एकेक ओळ खोडायची असते. या दुसऱ्या घरांची दिवाळी कशी निभते, हा खरं तर इतिहासाचा विषय आहे, पण इतिहासाच्या पुस्तकात तो सापडत नाही. दुष्काळ सापडतो, कारण भूक ही मोठी गोष्ट. पोरांनी शेजारच्या घरातल्या तळणीचा वास घेत बसणं ही त्यामानाने छोटी गोष्ट!

मुंबईत याची सुरुवात मला बोनसपासून करावीशी वाटते. पहिल्या महायुद्धाच्या काळात गिरण्यांना भरपूर नफा झाला आणि मालक कामगारांना बोनस देऊ लागले. पुढे नफा आटल्यावर तो बंद केला. १९२४ च्या सुरुवातीला सुमारे दीड लाख कामगार दोन महिने संपावर गेले. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश मॅक्लाउड यांच्या समितीने निवाडा दिला, की बोनसवर कामगारांचा हक्क नाही. म्हणजे ती मालकाची खुशी. बोनस कायद्यात यायला १९६५ साल उजाडलं. तोवर तो दिवाळीशी इतका जोडला गेला होता की बोनस म्हटलं की दिवाळीच आठवावी.

पण बोनस नोकरदाराला. ज्याला महिन्याचा पगारच नाही त्याचं काय? त्याच्यासाठी रेशनचं दुकान होतं. मुंबईत रेशनिंग आलं १९४३ मध्ये, युद्ध चालू असताना. युद्ध संपलं, रेशन राहिलं. पुढच्या काळात त्यात सणाची एक खास सोय शिरली ती म्हणजे दिवाळीची जादा साखर. ऐंशीच्या दशकात पामतेलही आलं. आमच्या घरातल्या मोठ्यांना त्या रांगा नक्की आठवत असतील. साखर कधी ओलसर, कधी मापात कमी, पण यायची. आणि घेताना कुणाचे आभार मानावे लागत नसत. कार्ड पुढे करायचं, पैसे द्यायचे, पिशवी उचलायची.

ती आपसूक मिळत होती असंही नाही बरं का. १९७२ च्या दुष्काळात, गावाकडे लोक खडी फोडत असताना आणि रेशनवर लाल मिलो येत असताना, मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी. पक्ष वेगवेगळे, स्वयंपाकघर एकच. बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, थाळ्या वाजवल्या. त्या दया मागत नव्हत्या, माल वाजवी भावात द्या म्हणत होत्या.

मग १९९७ मध्ये रेशन ‘गरिबांपुरतं’ झालं, १९९९ मध्ये महाराष्ट्रात पिवळी, केशरी, पांढरी अशी तीन रंगांची कार्डं आली. २०१३ मध्ये कारखान्यांवरची लेव्ही साखर गेली, २०१७ पासून केंद्राची सवलतीची साखर फक्त अंत्योदय कुटुंबांपुरती उरली. दिवाळीची साखर अशी हळूहळू विरघळली. कुणी निषेधाचा खलिता वगैरे पाठवला नाही.

आणि २०२२ मध्ये ती एकदम नव्या रूपात परत आली. ‘आनंदाचा शिधा’! शंभर रुपयांत एक किलो रवा, एक किलो साखर, एक किलो चणाडाळ, एक लिटर पामतेल. दीड कोटीहून जास्त कार्डधारकांसाठी. कल्पना मला मनापासून आवडली होती. कारण एरवी रेशनवर गहू-तांदूळ मिळतात, त्यांनी पोट भरतं, फराळ होत नाही. डाळ गिरणीतून दळून आणली की बेसन झालं, शेव झाली. तूप कुठून तरी थोडं मिळवलं तर रव्याचे लाडूही. चकलीच्या भाजणीला तांदूळ आहेतच.

पण निर्णय झाला ४ ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन होतं २४ ला. वीस दिवसांत चार जिन्नस राज्यभर पोचवायचे! बऱ्याच ठिकाणी साखर आली तर तेल नाही, तेल आलं तर डाळ नाही. कित्येकांना शिधा मिळाला तो आकाशकंदील उतरल्यावर. गव्हाचं पोतं आठ दिवस उशिरा आलं तर चालतं, भाऊबीजेनंतर आलेल्या रव्याचा उपमा होतो. पिशवीवर नेत्यांचे फोटो मात्र छापून तयार होते.

पुढे गुढीपाडवा, गणपती, पुन्हा दिवाळी (त्यात मैदा आणि पोहेही), जानेवारी २०२४ मध्ये अयोध्येचा सोहळा आणि शिवजयंती, मग त्या वर्षीचे गणपती असा शिधा येत राहिला. प्रत्येक वेळी मंत्रिमंडळाचा वेगळा निर्णय. त्यामुळे बंद करायला कुणाला काही करावंच लागलं नाही. नवा निर्णय घेतला नाही की झालं. २०२५ च्या गणपतीत आणि दिवाळीत शिधा आला नाही. गहू-तांदूळ आले. ते २०१३ च्या कायद्यात लिहिलेले आहेत.