ट्युटोरियलचं प्रपोजल आणि वऱ्हाडातला कापूस

माझं ट्युटोरियलचं पहिलं प्रपोजल नाकारलं गेलं. कारण ऐकाल तर हसाल: त्यातल्या चार भागांपैकी तीन भाग माझ्याच थिसिसची प्रकरणं होती. पेपरमध्ये आपण काय शोधलं ते सांगायचं असतं. ट्युटोरियलमध्ये एका प्रश्नावर आजवर अनेकांनी काय केलं, ते नवख्या माणसाला दीड-तीन तासांत ओळीने समजावायचं असतं. मला हे नकार आल्यावर कळलं. तुम्हाला आधीच कळावं म्हणून आज थोडा इतिहास.

1989 साली डेट्रॉइटला कृत्रिम बुद्धिमत्तेची मोठी कॉन्फरन्स होती. तिच्याच सोबत ग्रेगरी पियातेत्स्की-शापिरो यांनी एक छोटी कार्यशाळा घेतली. तिथून हे क्षेत्र आकाराला आलं आणि 1995 मध्ये मॉन्ट्रियलला केडीडी ही स्वतंत्र कॉन्फरन्स भरली. डेटाबेसवाले, संख्याशास्त्रवाले, मशीन लर्निंगवाले, सगळे वेगवेगळ्या गावचे पाहुणे. एकाची भाषा दुसऱ्याला समजावून सांगणारं कुणीतरी लागणारच.

लगेच 1996 मध्ये व्हीएलडीबी ही डेटाबेसची जागतिक कॉन्फरन्स मुंबईत झाली. राकेश अग्रवाल आणि रामकृष्णन श्रीकांत यांची 1994 ची अप्रायोरी पद्धत तेव्हा गाजत होती, पण तिला सगळा डेटा पुन्हा पुन्हा वाचावा लागे. हानू तोइवोनेन यांनी मुंबईच्या कॉन्फरन्समधल्या पेपरात सुचवलं: आधी एक यादृच्छिक नमुना घ्या, त्यात नियम शोधा, मग ते संपूर्ण डेटावर एकदा पडताळा.

हा पेपर वाचताना मला यवतमाळची पैसेवारी आठवली. आमच्याकडे हा शब्द संख्याशास्त्राच्या कितीतरी आधी कानावर पडतो. पूर्वी आणेवारी म्हणत. सोळा आणे पीक म्हणजे भरपूर, आणि पिकाचा अंदाज बराचसा नजरेने बांधलेला. पुढे पन्नास पैशांच्या वर की खाली, यावर टंचाईच्या सवलती ठरू लागल्या. म्हणजे आकडा कसा काढला, हा प्रश्न आमच्या घरी कधीच नुसता अभ्यासाचा नव्हता.

नजरेच्या अंदाजाला उत्तर म्हणून 1940 च्या दशकात व्ही. जी. पानसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कापसावर पीक कापणीचे प्रयोग केले, तेही शेजारच्या अकोला जिल्ह्यात. (तेव्हा वाशीमही अकोल्यातच होतं.) चिठ्ठ्या टाकल्यासारखं गाव निवडायचं, मग शेत, मग शेतातला एक तुकडा, त्यातलं पीक वजन करायचं आणि त्यावरून जिल्ह्याचा अंदाज. पां. वा. सुखात्मे यांनी हीच दिशा गहू-भातात नेली. दोघांचं शेतीच्या संख्याशास्त्रावरचं पुस्तक 1954 चं, अजूनही कृषी महाविद्यालयांत दिसतं. कापसाची गोम मात्र वेगळी. गहू एकदा कापला की संपलं. कापसाची वेचणी दोनदा, तीनदा, कधी जास्तही होते. त्याच तुकड्यावर पुन्हा जावं लागतं. मधली एक वेचणी नोंदवायची राहिली की आकडा खाली येतो, आणि टेबलमध्ये ती चूक दिसतही नाही.

हे हाती आल्यावर दुसरं प्रपोजल सहज लिहिलं गेलं. प्रश्न एकच: नमुन्यावर विश्वास कधी ठेवायचा? नव्वद मिनिटांतली वीस वेचणीच्या या गोष्टीला, चाळीस तोइवोनेन आणि त्यानंतरच्या कामाला, वीस प्रत्यक्ष कोड चालवायला. माझ्या स्वतःच्या कामाला उरलेली दहा. तीही गाइडनी आठ करायला सांगितली होती!

तुम्ही लिहाल तेव्हा दोन जागी घाई करू नका. एक, श्रोता कोण. 'सर्वांसाठी उपयुक्त' असं लिहिलं की रिव्ह्यूवरला कळतं, तुम्ही कुणाचाच विचार केलेला नाही. मी लिहिलं: एमटेकचे आणि पीएचडीच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी, संभाव्यता येते, सॅम्पलिंग येत नाही. दोन, याआधी अशा विषयावर कोणती ट्युटोरियल झाली आणि तुमचं वेगळं कसं. मागच्या काही वर्षांचे कार्यक्रम बसून चाळावे लागतात, पर्याय नाही. बाकी वक्त्यांची ओळख, संदर्भ वगैरे मागितलेल्या नमुन्यात भरायचं.

कॉड्स-कोमॅड 2018 ला गोव्यात आणि जानेवारी 2023 मध्ये मुंबईत झाली. म्हणजे विमानाच्या तिकिटाची सबब आता चालत नाही. यवतमाळहून रात्रीची ट्रॅव्हल्स धरून जाता येतं. माझं प्रपोजल गेल्या आठवड्यात पाठवलंय. निकाल यायचाय, तोवर वेचणीच्या स्लाइडवर तुकड्याचं चित्र नीट काढत बसलोय.